वाढवा नावाचं बटण

शालिग्राम झोपे याचं आडनाव त्याच्या पाचवीलाच पुजलेलं होतं. फैजपूरच्या शाळेत गुरुजींनी हजेरीत "झोपे" म्हटलं की मागच्या बाकावरून घोरण्याचा आवाज यायचा. पुढे तो धुळ्याच्या ट्रंक एक्स्चेंजात ऑपरेटर म्हणून लागला, तिथं तर रोजचाच खेळ. "हॅलो, कोण बोलतंय?" "झोपे." "अहो, मग जागं असलेल्या कोणाला तरी द्या ना!" शालिग्राम हसायचा नाही, रागवायचाही नाही. कानावरचा हेडफोन सारखा करायचा आणि पुढच्या दिव्याकडे बघायचा.

त्या ट्रंक बोर्डाचे दिवे त्यानं एकेक करून विझताना पाहिले. लोक घरबसल्या एसटीडी फिरवू लागले, मधे माणूस लागेनासा झाला. आधी एक बाजू रिकामी झाली, मग दुसरी, आणि एके दिवशी खोलीला कुलूप लागलं. शालिग्रामला बिलांच्या तक्रारी घ्यायला खिडकीवर बसवलं. "माझं बिल एवढं कसं?" "सुरतेला कोण राहतं तुमचं?" "कोणी नाही!" "मग पोराला विचारा." असं काही वर्षं करून त्यानं नोकरी सोडली. कुलूप लावलेल्या खोलीसमोरून रोज जायचं त्याच्या जिवावर यायला लागलं होतं.

आता १९९९ साल होतं. शालिग्राम पंचेचाळिशी ओलांडून गेला होता आणि जळगावच्या दाणा बाजारात कांतीलाल शेठच्या गादीमागच्या खोलीत एका मशीनची राखण करत बसला होता. खोलीत एसी होता, पण तो मशीनसाठी. त्याचं तोंड मशीनकडे होतं, शालिग्रामच्या वाट्याला उरलंसुरलं गार यायचं.

या मशीनचं काम सांगायला सोपं होतं. केळीचा भाव फुटला, म्हणजे त्या दिवसाचा दर जाहीर झाला, की तो शालिग्राम मशीनमध्ये टाकायचा, आणि चोपड्यापासून इंदूरपर्यंत ज्याच्या ज्याच्या कॉम्प्युटरवर शेठची पाटी उघडी असेल त्याला तो त्याच क्षणी दिसायचा. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची भावाची पाटी, म्हणून सगळे तिला पाटीच म्हणत. अडत्यांनी फोन लावून इंटरनेट जोडायचं, पाटी उघडायची आणि बसायचं बघत. केळी, कापूस, कुठे ट्रक रिकामा आहे, सगळं तिच्यावर यायचं. पूर्वी याच भावासाठी माणसं तासतास फोनला चिकटून असायची.

हा प्रोग्राम धुळ्याच्या सुनंदाबाई बडगुजर यांनी लिहिला होता. गल्ली नंबर चारमध्ये त्यांचा कॉम्प्युटरचा क्लास होता आणि जिभेला धार होती. त्यांच्यापुढे शेठनं पहिल्याच दिवशी एक अट घातली.

"हे कोपऱ्यात काय लिहिलंय?"

"बंद. ते दाबलं की पाटी बंद होते."

"बंद?" शेठनं दोन्ही कानांना हात लावले. "बाई, हा शब्द माझ्या दुकानात बोलत नाहीत. आम्ही दुकान वाढवतो. दिवा मोठा करतो. बंद कोणी करत नाही."

"शेठ, कॉम्प्युटरला काय कळतंय?"

"कॉम्प्युटरला नसेल कळत. लक्ष्मीला कळतं."

"बरं. लिहिते 'वाढवा'. माझ्या बापाचं काय जातं?" असं म्हणून बाईंनी बटणावर 'वाढवा' लिहिलं. सुरुवातीची गिऱ्हाइकं सगळी शेठच्याच नात्यागोत्यातली, व्यापारी पेढ्यांवरची. संध्याकाळ झाली की ती मुकाट 'वाढवा' दाबायची आणि घरी जायची.

कटकट सुरू झाली ती गिऱ्हाईक वाढल्यावर. पन्नासचे शंभर झाले, शंभरचे दोनशे, आणि मशीन धापा टाकायला लागलं. भाव टाकावा तर पडदा ढिम्म हलायचा नाही. आत डिस्क करकरत राहायची. शेवटी शालिग्राम बटण दाबून मशीन झोपवायचा आणि पुन्हा उठवायचा, आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन सुरू. रावेरचे अडते कळवळायचे, "झोपेभाऊ, माल तोडून ठेवलाय हो, भाव सांगा ना!" इंदूरचा मदनलाल हिंदीत ओरडायचा, "अरे भैया, पाटी है कि पत्थर?" शालिग्राम प्रत्येकाला म्हणायचा, "होतंय, होतंय." दिवसातून इतक्यांदा म्हणायचा की घरी बायकोनं, कुंदाबाईंनी, "जेवण झालं का?" विचारलं तरी तोंडातून "होतंय, होतंय" निघायचं. फोन ठेवून दिल्यावरही त्याच्या डाव्या कानात तो वाजतच असायचा. डॉक्टरांनी कान बघितला, कान चांगला आहे म्हणाले.

चैत्रात शेठ खोलीत आला, आणि उभ्याउभ्याच बोलला. शेठ उभ्यानं बोलला की समजायचं, काही खरं नाही.

"मुंबईची कंपनी विचारतेय. म्हणतात, मशीन आमच्याकडे ठेवा, आम्ही सांभाळू. आखातीजेला, अक्षय्य तृतीयेला, मी पाटी सगळ्यांना फुकट उघडतोय. गावोगाव पाटीच्या फ्लॉप्या वाटल्यात. त्या दिवशी पाटी उभी राहिली, तर मशीन इथं राहील, तुम्ही पण राहाल. बसली, तर मुंबईला जाईल."

"आणि मी?"

"तुम्हाला कुठे जायला सांगतोय? गादीवर बसा. पावत्या फाडा."

शालिग्रामनं मान हलवली. अजून एका खोलीला कुलूप, आणि पुन्हा खिडकी. शरीर म्हणत होतं, जाऊ दे मुंबईला, तुझी सुटका होईल. पण दुसरं काही त्याला येतही नव्हतं. जोडून देणं, एवढंच काय ते तो आयुष्यभर करत आला होता.

त्यानं धुळ्याला फोन लावला.

"मला माहीत आहे कुठे घोडं अडतंय," सुनंदाबाई म्हणाल्या. "चूक माझीच आहे. पन्नास माणसांसाठी लिहिला होता मी तो. आत्ता आपण प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक सालदार, वर्षाचा गडी, ठेवलाय. बसलाय आपला मालकाच्या तोंडाकडे बघत. मालक दिवसभर बोलत नाही, पण सालदाराला बसायला जागा लागते, भाकरी लागते. मशीनची सगळी मेमरी भाकऱ्या भाजण्यात चाललीय."

"मग?"

"मग सगळ्या सालदारांना रामराम. एकच माणूस ठेवायचा, आणि तो कोणापाशी बसणार नाही. मशीनला विचारायचं, कोण बोललं? जो बोलला त्याचं काम करायचं, आणि परत विचारायचं."

"म्हणजे आमचा ट्रंक बोर्ड. दिवा लागेल तिकडे बघायचं."

"तस्संच! मला वाटलं होतं, तुम्हाला समजावण्यात अर्धा दिवस जाईल. वाचला माझा वेळ." आणि खरंच त्यांनी फोन ठेवला.

पंधरवडाभर बाईंनी प्रोग्राम मोडून नव्यानं लिहिला. मग एसटीनं जळगावला आल्या आणि मशीनच्या पोटात शिरल्या. एका प्रोग्रामनं एका वेळी अमुक इतकीच कनेक्शनं धरावीत, अशी मशीनची स्वतःचीच एक मर्यादा होती. तीही त्यांनी उचलून वर नेली. नंतर धुळ्याच्या क्लासमधल्या पोरांकडून खोटी गिऱ्हाइकं सोडवून पाहिली. शेकड्यांनी कनेक्शनं आली आणि शांत बसून राहिली. मशीनच्या कपाळाला आठीसुद्धा नाही.

"फक्त एक लक्षात ठेवा," निघताना बाई म्हणाल्या. "बसलेला माणूस फुकटात पडतो. भाव बदलला की त्याला एक ओळ पाठवायची, झालं. महाग पडतो तो नवीन येणारा. त्याला अख्खी पाटी पाठवावी लागते, आणि आपली इंटरनेटची तार बारीक आहे. माणसं एकदा आली की बसू द्या."

"बसतील. केळीवाला बसला की उठत नाही," शालिग्राम म्हणाला.

आखाजी, म्हणजे शेठची आखातीज, उजाडली. घराघरात झोके बांधलेले, सासरी गेलेल्या मुली माहेरी आलेल्या, पुरणाचा वास. शालिग्रामची मुलगीही आदल्या दिवशी आली होती. तो सकाळी चपला घालायला लागला तेव्हा कुंदाबाई दारात उभ्या राहिल्या.

"पोरगी वर्साची आली, तं तुम्ही चालले मशिनीपाशी?"

"दुपारी येतो."

"दुपारी! मशीन तुमची, की तुम्ही मशिनीचे?"

उत्तर त्याला चालताना रस्त्यात सुचलं, पण तेही कुंदाबाईंच्या बाजूचंच होतं.

दाणा बाजारात शेठनं गादी सजवली होती. एक मोठा मॉनिटर पाटावर मांडून त्याला झेंडूचा हार घातला होता, आणि समोर शेठचे सासरे आणि माळव्यातले पाहुणे लोडाला टेकून बसले होते. शेठ त्यांना दाखवत होता, "हे बघा, इथं भाव बदलला की कानपूरलाही बदलला."

मागच्या खोलीत शालिग्राम आकड्याकडे बघत होता. किती जण जोडलेले आहेत ते कोपऱ्यात दिसायचं. तीनशे. साडेचारशे. जुन्या प्रोग्रामवर मशीन इथं केव्हाच आडवं झालं असतं. सहाशे. डिस्कचा आवाज नाही, काही नाही. भाव फुटला, त्यानं टाकला, आणि सगळ्यांना एका दमात गेला. आठशे. शालिग्रामनं पाठ खुर्चीला टेकवली. किती तरी दिवसांनी टेकवली असावी, कारण खुर्ची दचकल्यासारखी करकरली.

आणि आकडा पडला. आठशेचा सहाशे झाला. सहाशेचा सातशे. पुन्हा साडेपाचशे. झोका खावा तसा आकडा वरखाली जायला लागला. तारेच्या डब्यावरचा दिवा लुकलुकायचा थांबून नुसता जळत राहिला, म्हणजे तार तुडुंब भरली. नवीन येणारा प्रत्येक जण अख्खी पाटी मागत होता, आणि दारात रांग लागली होती.

शालिग्रामला कळेना. बसलेली माणसं उठतायत का? उठतायत तर परत येतायत का?

फोन वाजला. पलीकडे चोपड्याचे भटूआबा होते. पोराच्या एसटीडी बूथवर त्यांनी नवा कॉम्प्युटर घेतला होता, आणि फोनमध्ये त्यांच्यामागे निम्मं गाव ऐकू येत होतं.

"हालो! झोपेभाऊ का? ओ भाऊ, मन्हा भाव काबं वाढत नई?"

"आबा, भाव मी नाही वाढवत. फैजपूरला फुटतो तो."

"तसं नई! मी दाबी दाबी थकनू. दाबस तं पाटीच गायब व्हई जास. मंग परत लावस, परत दाबस. बठ्ठा गाव आठे उभा शे!"

"काय दाबताय तुम्ही आबा?"

"आते काय सांगू! तुम्हीनच लिखेल शे ना. वर केळीना भाव, अन् त्याना खाले बटन, वाढवा म्हनीसन!"

शालिग्रामनं रिसीव्हर कानाला तसाच धरून पडद्याकडे पाहिलं. वर केळीचा भाव, खाली 'वाढवा'. दोन वर्षं तो हे रोज बघत होता. शेठच्या पेढीवर जन्मलेल्या माणसाला 'वाढवा' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. पण ज्याच्या शेतात केळी उभी आहे, त्याला भावाखाली 'वाढवा' दिसल्यावर तो दुसरं काय करेल? शालिग्राम स्वतः केळीवाल्याचा मुलगा होता. त्यानंही दाबलं असतं.

त्यानं धुळ्याला फोन लावला. खूप वेळानं लागला.

"अगं बाई गं!" सुनंदाबाई आधी पोटभर हसल्या. मग कामाचं बोलल्या. "प्रोग्राममध्ये दोन ओळी बदलल्या की 'वाढवा' आलं तरी दुर्लक्ष करेल. पण मग प्रोग्राम बसवून उठवावा लागेल, आणि सगळेच्या सगळे एकदम दारात येतील. आज नको. त्यापेक्षा खालच्या पट्टीत सूचना सोडा."

"काय सोडू?"

"वाढवा म्हणजे बंद."

"बंद? आज? शेठ?"

"झोपेभाऊ, मी धुळ्यात आहे. शेठ तुमच्या तिथं आहे."

पाटीच्या तळाशी एक पट्टी होती, तिच्यात फिरती सूचना यायची. 'आज भाव उशिरा', असलं काही. शालिग्रामनं जरा विचार केला आणि शेठला न दुखवणारं वाक्य टाकलं: कृपया 'वाढवा' दाबू नये.

आकडा चारशेवर आला. ज्यांचं अजून बटणाकडे लक्षच गेलं नव्हतं, त्यांचंही गेलं.

फोन वाजला.

"काबं दाबानं नई?" भटूआबा आता चांगलेच तापले होते. "व्यापारीसले दाबू देतस, अन् आमले नई? आम्ही काय पाप करं?" मागून कोणीतरी ओरडलं, "आबा, सोडू नका, दाबा!"

शालिग्राम उठला. गादीच्या दारापर्यंत गेला. आत शेठ पाहुण्यांना आमरसाच्या वाट्या देत होता, आणि हार घातलेल्या मॉनिटरवर पाटी अडकून राहिली होती. शेठनं त्याला पाहिलं आणि वाटी न सांडता हातानं खूण केली: नंतर.

नंतर म्हणजे मुंबई, हे शालिग्रामला दिसत होतं. आणि आत्ता म्हणजे शेठच्या पाहुण्यांसमोर, शेठच्या सणाला, शेठनं कानावर हात ठेवलेला शब्द. राग आला असता तर बरं झालं असतं, पण रागाला लागते तेवढी ताकदही शिल्लक नव्हती. तो परत खोलीत आला, बसला, आणि एका बोटानं एकेक अक्षर शोधत टाइप केलं: 'वाढवा' म्हणजे पाटी बंद. त्यानं भाव वाढत नाही. कोणाचाच नाही.

सोडलं.

सूचना एकेकाकडे रखडत पोचली. तार भरलेलीच होती. आकडा चारशेवर डगमगला, पावणेचारशे झाला, आणि मग चढायला लागला. पाचशे. या वेळी पडला नाही. सातशे. तारेचा दिवा पुन्हा लुकलुकला. नऊशे. भाव एकदा बदलला, त्यानं टाकला, सगळ्यांना गेला. हजार. आकडा असा शांतपणे चढत होता की बघता बघता शालिग्रामच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं नव्हतं, पापणी न लवल्यामुळे आलं होतं.

शेठ आत आला. उभा राहिला.

"पाहुण्यांनी वाचलं."

"हो."

"मोठ्यानं वाचलं. सासऱ्यांनी. हार घातलेल्या पाटीवर, आखातीजेच्या दिवशी."

"हो, शेठ."

"मला विचारलं का नाही?"

"आलो होतो. तुम्ही नंतर म्हणालात."

शेठची नजर आकड्यावर गेली. "हे किती?"

"अकराशेच्या वर."

"आत्ता? सगळे एकदम?"

"आत्ता. बसलेत शांत."

शेठनं स्टूल ओढलं आणि बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. "मुंबईवाल्याला सांगतो, नको म्हणून," शेवटी तो म्हणाला, आणि जरा थांबून, "बटण मात्र बदला. 'वाढवा' नको."

"मग 'बंद' लिहू?"

"शालिग्राम!" शेठचे हात आपोआप कानांकडे गेले. "घरून निघताना माणूस काय म्हणतो? जातो म्हणतो का?"

"येतो म्हणतो."

"मग तेच लिहा. 'येतो'."

शेठ पाहुण्यांकडे गेला. जाता जाता दारातून म्हणाला, "पुढच्या महिन्यात नागपूरची संत्रीपण घेऊ पाटीवर. आणि लासलगावचा कांदा. हे मशीन तर बसूनच आहे." शालिग्रामनं नागपूरचे अडते डोळ्यांपुढे आणून पाहिले, मग लासलगावचे, आणि मग पाहणं थांबवलं.

त्यानं धुळ्याला फोन करून सगळं सांगितलं.

"'येतो'?" सुनंदाबाई किंचाळल्याच. "अहो, मग लोक आत यायला ते दाबतील!"

"दाबतील," शालिग्राम म्हणाला.

"बरं, ते उद्या बघू. खोली राहिली ना तुमची? मशीन राहिलं ना? मग आवाज असा काय पडलाय? खूश नाही झालात?"

शालिग्रामनं रिसीव्हर उजव्या कानाला घेतला. समोर आकडा होता, थोडा थोडा वाढणारा, कुणाला न खुपणारा.

"होईन ना बाई," तो म्हणाला. "आज जमणार नाही. उद्या होतो."